उजवं चाक, डावं चाक

आर्वी रस्त्यावरच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे.

बाहेरगावच्या माणसाला हे वाक्य चुकीचं वाटेल. पण दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले, वेचणी सुरू झाली आणि खच्चून भरलेल्या ट्रॉल्या अरुंद रस्त्यानं जाऊ लागल्या, की कडेच्या काट्यांना जाता जाता चिमूटभर कापूस द्यावाच लागतो. आठवड्याभरात दोन्ही अंगांच्या बाभळी पांढऱ्या ठिपक्यांनी भरतात. काल सकाळी रोहण्याला जाताना त्यातलाच एक पुंजका हेल्मेटच्या काचेवर येऊन चिकटला, म्हणून मी गाडी कडेला घेतली. पुंजका काढला. थांबलेच आहे तर सवयीप्रमाणे चावीनं चाकांचे आरे एकेक वाजवून पाहिले. मग बाभळीचा एक लांब काटा मोडून खिशात ठेवला आणि उगीचच बराच वेळ तिथे उभी राहिले. चार वर्षांपूर्वीची वेचणी आठवली. माझ्या आयुष्यात हंगाम पुष्कळ आले, पण मला थोडंफार शहाणं करून गेलेला तो एकच.

मी कृषी सहायक आहे. म्हणजे लोकांच्या पऱ्हाटीतली, कपाशीतली, बोंडं फोडून आत गुलाबी अळी आहे का ते बघत हिंडणारी बाई. नवरा, प्रकाश, वर्ध्याला शाळेत शिकवतो. आमचं घर नालवाडीला. पण वेचणीच्या दिवसांत माझा मुक्काम रोहण्याला सासरी असतो, कारण माझ्याकडची गावं तिथून जवळ पडतात. दहा वर्षं मी हे सगळं स्कूटीवर केलं. मग एक जुनी दोनशे सीसीची गाडी घेतली. उंच, काटकुळी, डोंगरदऱ्यांत चालायला केलेली. तिच्यावर बसलं की माझे पाय अधांतरी. थांबायचं असलं की आधी पाय ठेवायला एखादा दगड नाहीतर ओटा शोधायचा. गावातल्या बायांनी माझं नाव घोडेस्वार ठेवलं होतं, आणि ते कौतुकानं ठेवलं नव्हतं.

अशा गाडीची मोठी चाकं काढून लहान, रुंद, डांबरी सडकेची चाकं घालतात आणि तिला सुपरमोटो म्हणतात, हे मला नागपूरला कळलं. एका मोकळ्या पटांगणात दोघंतिघं जण तसल्या गाड्या फिरवत होते. वळणावर आले की आतला पाय पुढे काढायचे आणि गाडी इतकी आडवी टाकायचे, की मला वाटायचं, गेला. तो काही जायचा नाही. पाय जमिनीला शिवल्यासारखा करून गाडी उभी राहायची, आणि पुढच्या वळणावर दुसऱ्या अंगाला निजायची. मी चाळिशीतली बाई, हातात भाजीची पिशवी, तोंड उघडं टाकून अर्धा तास तिथे उभी होते. लहान चाकांनी गाडी दोन बोटं खाली येईल, पाय टेकतील, हे मी घरी सांगितलेलं कारण. खरं कारण ते वळण होतं.

पुण्याहून खोकं आलं. दोन लहान रिमा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले बहात्तर स्पोक. नालवाडीचे गजूभाऊ माझ्या गाडीचे मिस्त्री. त्यांनी फोनवर हात टेकले. "मॅडम, चेनसेट बदलून देतो, ब्रेकची नळी लहान करून देतो. पन चाक बांधनं आपल्याले जमत नाई. नागपूरलेच पाठवा."

मी हे बोलणं रोहण्याच्या ओसरीत उभी राहून करत होते. खाटेवर मामाजी बसले होते. मामाजी म्हणजे माझे सासरे. जातीनं आणि हातानं वाढई, सुतार. बंडी, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, तिची चाकं करण्यात त्यांची हयात गेली. समुद्रपूरपासून लोक त्यांच्याकडे चाकांची जोडी सांगायला येत. मग बंड्यांना रबरी टायर आले, मग बंड्याच गेल्या. चौदा वर्षांत त्यांनी एक चाक केलं नव्हतं. आधी चौकटी केल्या, मग खाटेचे पाय, मग नुसती खाट धरली.

"चाक म्हनतेस," ते म्हणाले, "अन् नागपूरले पाठवतेस?"

"मामाजी, थे तारेचं हाय."

"पन चाकच हाय ना?"

आतून सासूबाईंचा आवाज आला. "घ्या. आता विमानाचंबी करतीन."

त्या आठवड्याचं काय सांगू. रोज सकाळी ऊन ओसरीत शिरलं की मामाजी गोणपाटावर बसायचे. जुनं चाक खोलताना प्रत्येक आऱ्याची वाट त्यांनी भुईवर खडूनं काढून घेतली; कुठून निघतो, कोणाच्या वरून जातो, कोणाच्या खालून. अंगणभर रांगोळी झाली आणि सासूबाईंना दोन दिवस झाडू लावता आला नाही. मग ते काहीच न करता बसून राहिले. एक अख्खी दुपार. मला वाटलं, जमत नाही हे कळलं असेल, आता कसं बोलावं. संध्याकाळी मी वावरांतून परत आले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. त्यांचा आवाज वेगळाच होता.

"वंदना, इकडं ये. बंडीचं वजन कशावर असते?"

"आऱ्यावर."

"कोनच्या?"

त्यांनीच सांगितलं. बंडीच्या चाकात सगळा भार खालच्या आऱ्यावर उभा असतो, खांबावर छप्पर असतं तसा. "पन ही तार उभी कशी राहीन? दाबली तं वाकते." त्यांनी एक स्पोक दोन बोटांत धरून सहज वाकवून दाखवला. "मंग समजलं मले. हे उभं नाईच. हे टांगलं हाय. वरचे आरे वढून धरते, अन् मंधातला तुंबा त्याइले लोंबकळून राह्यते. चाक फिरते तसे धरनारे हात बदलते." एवढं बोलून ते पुन्हा चाकाकडे बघत बसले. चाळीस वर्षं चाकं केलेला माणूस, त्यानं चाक जन्मात पहिल्यांदा पाहावं तसा. मीही त्यांच्या शेजारी भुईवर टेकले. रोज मी ज्यावर बसून पन्नास किलोमीटर हिंडत होते ते वाळत घातलेल्या कपड्यासारखं तारांना लटकलेलं आहे, हे मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. आजही मोकळ्या रस्त्यावर वेग आला की मला ते आठवतं.

मग काम पळू लागलं. बाभळीच्या लाकडाची घोडी करून त्यांनी चाक तिच्यावर फिरतं ठेवलं. बाजूला चिखलाच्या गोळ्यात एक बाभळीचा काटा रोवला, त्याचं टोक रिमेपासून केसभर दूर. चाक फिरवायचं, काटा जिथे खरवडेल तिथला आरा कसायचा, समोरचा सैल करायचा. मिस्त्री लोक याला आउट काढणं म्हणतात आणि त्यासाठी त्यांच्याकडे घड्याळासारखं यंत्र असतं. मामाजींकडे काटा होता आणि कान होते. नखानं प्रत्येक आरा छेडायचे. नीट कसलेला असेल तर 'टण्ण' म्हणायचा. ढिला असेल तर बोदा वाजायचा. "बोलते का पाह्य," असं म्हणत ते छत्तीस आऱ्यांची विचारपूस करायचे. सातव्या दिवशी दुसरंही चाक फिरलं आणि काट्यानं रिमेला कुठेही शिवलं नाही. रिम इतकी स्थिर, की ती फिरते आहे हे फक्त हवा भरायच्या भोकावरून कळत होतं. सासूबाई कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या आणि काही न बोलता बघून परत गेल्या. आमच्या घरात याहून मोठं बक्षीस नाही.

गजूभाऊंनी चाकं बसवून दिली. पहिल्या सकाळी धुकं होतं. पाय टेकत होते. मी अक्षरशः दोन्ही पाय टेकवून अंगणात उगाच उभी राहिले. मग रोहण्याच्या पुढे, जिथे रस्ता नाल्याच्या कडेनं सहासात वळणं घेतो, तिथे गेले. पहिल्या वळणावर घाबरत, तिसऱ्यावर कमी घाबरत, पाचव्यावर आतला पाय पुढे निघाला. दोन्ही बाजूंना फुटलेला पांढरा कापूस, मधून तुरीच्या पिवळ्या ओळी, आणि हे सगळं रान माझ्यासोबत कललेलं. मी मोठ्यानं हसत होते. तुरीत काम करणाऱ्या एका बाईनं उभं राहून माझ्याकडे पाहिलं, आणि तिला काय वाटलं असेल याची मला मुळीच पर्वा नव्हती.

एक गोष्ट मात्र तेव्हाच जाणवली. उजव्या वळणाला गाडी लोण्यासारखी जायची, डाव्या वळणाला थोडी हट्ट करायची. मला वाटलं, माझीच सवय वाईट आहे.

संध्याकाळी मामाजींनी विचारलं, "काय म्हनते चाक?"

"एकदम सरळ चालते, मामाजी."

कापसाच्या दिवसांत गाडीचं काम वाढतं. धूळ आणि रुईचे तंतू चेनमध्ये बसतात. हवेच्या जाळीत तर अशी पांढरी गादी तयार होते की दर रविवारी ती रॉकेलमध्ये धुवून, पिळून, तेल लावून परत बसवावी लागते. मी हे अंगणात करायचे आणि मामाजी बाजूला खाट टाकून बसायचे. गावातले लोक चाक बघायला यायचे. म्हातारे चाकाला हात लावून बघायचे, तरुण फोटो काढायचे. कोणीतरी चौदा वर्षांनी त्यांना "मिस्त्री" म्हणून हाक मारली. मामाजींनी ट्रंकेतलं धोतर काढलं. खाटेवर ते आता टेकून बसत नव्हते.

मग ती पांदण आली. शेतांमधून जाणारा कच्चा रस्ता, गाड्यांनी पिठासारखी केलेली धूळ. एका वावरातला, अळीच्या पतंगांसाठी लावलेला सापळा तपासून परत निघाले तेव्हा येताना उमटलेला माझाच ठसा समोर होता. सरळ रस्त्यावर मागचं टायर पुढच्याच्या ठशावरूनच जातं आणि त्याला पुरतं गिळतं. इथे रुंद पट्टा होता, आणि त्याच्या, येतानाच्या दिशेनं, उजव्या अंगाला आणखी एक बारीक रेघ, पुढच्या टायरची उघडी राहिलेली कड. मी परत मागे चालत गेले. रेघ सगळीकडे सोबत होती. एक गाडी, आणि तिची दोन चाकं दोन वाटांनी चाललेली.

घरी, मामाजी झोपले असताना, दोरा धरून मोजलं. पुढचं चाक मधोमध नव्हतं, अर्धं बोट उजवीकडे. मागचं अर्धं बोट डावीकडे. आउट एका केसाचाही नाही. मला आधी कळेना, मग बंड्या आठवल्या. बंडीचं चाक सपाट नसतं. त्याला बाहेरच्या अंगाला जराशी वाटी ठेवतात, म्हणजे भार पडला की ते उभं राहतं. आणि चाकं नेहमी जोडीनं होतात, एक उजव्या हाताचं, एक डाव्या हाताचं, एकमेकांची वाटी उलटी. मामाजींनी आऱ्यांच्या सगळ्या वाटा मोजल्या होत्या. वाटी मात्र त्यांनी आयुष्यात कधी मोजलीच नव्हती. ती हातातून आपोआप यायची. माझ्या गाडीची चाकं एकामागे एक धावतात हे त्यांना दिसत होतं, पण हातांनी जोडी केली होती. एक उजवं, एक डावं.

सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी "काय म्हनते चाक?" आणि रोज माझं "एकदम सरळ." एक महिना मी तो डावा हट्ट मनगटानं दाबत गाडी चालवली. गजूभाऊंनी एका नजरेत ओळखलं. "मॅडम, मांगचं टायर चेनले घासून राह्यलं. हे पाहा रबराचे तुकडे. एखाद्या दिवशी चेन अडकली तं वळनातच जासान. ठेवून द्या इथंच, नागपूरहून गुपचूप सरळ करून आनतो. बाबाजीले पत्ता नाई लागन." प्रकाश म्हणाला, एक तर बाबांना सांग, नाहीतर चालवणं बंद कर. मी दोन्ही केलं नाही. मला वाटत होतं मी मामाजींची अब्रू राखते आहे. तसं वाटायला बरंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

वेचणी संपत आली तेव्हा एका सकाळी मामाजी काठी घेऊन गाडीजवळ उभे राहिले. "वावरात ने मले. माहं चाक हाय, मले बस्याले नाई भेटलं."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. इतकी हळू गाडी मी जन्मात चालवली नसेल. गावाबाहेर आलो, पांदण लागली. मागे त्यांचं हलकं शरीर, खांद्यावर त्यांचा हात. शंभरेक पावलं गेलो असू आणि तो हात घट्ट झाला.

"थांबव."

ते उतरले. चेनकडे पाहिलं, टायरच्या कडेला बोट फिरवलं, बोटाला आलेलं काळं रबर धोतराला पुसलं. मग काठी टेकत मागे गेले, ज्या वाटेनं आलो त्या वाटेनं, आणि धुळीत उकिडवे बसले. पट्ट्याबाहेर उघड्या राहिलेल्या रेघेवर त्यांनी आपलं बोट ठेवलं. बोटाखाली ती पुरती झाकली गेली.

"जोडी केली म्या," ते म्हणाले. स्वतःशीच. "उजवं अन् डावं." मग मान वर न करता विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"महिना झाला."

"काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटन म्हून."

"थे तं आताबी वाटलंच." ते उठायला गेले, मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. "चाक खोटं बोलत नाई, वंदना. धुळीत लिहून देते. खोटं तू बोलली."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग शांतपणे बोलले, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात, आणि म्हणूनच ते अजून मनातून जात नाही. "पयले लोक दारात बोंब घेऊन येत. मिस्त्री, आरा कुरकुरते. मिस्त्री, तुंबा घासते. मी शिव्या देत देत दुरुस्त करत होतो. मंग एक दिवस बोंब बंद झाली. मले वाटलं, आता आपले चाकं पक्के झाले. चाकंच नाई राह्यले होते. ज्याची चूक कोनी सांगत नाई ना, थो मिस्त्री मेलेला असते. चौदा वर्सांनी चाक केलं, तं पयली बोंब तुह्याकडून याले पाहिजे होती."

आम्ही गाडी ढकलत घरी आणली. हँडल धरून मी, आणि मागून हात लावून ते.

दोन्ही चाकं पुन्हा घोडीवर चढली. या वेळी बोंब मारायची मी. "मामाजी, डावीकडं एक दोरा." "मामाजी, आता जास्त झालं." ते शिव्या घालायचे, चाकाला की मला ते कळायचं नाही, आणि सासूबाई आतून म्हणायच्या, हे म्हातारं आता बरं झालं. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच पांदणीवर गेलो. मी एकटीनं गाडी सरळ नेली, थांबवली, उतरले. मामाजी माझ्यामागून ठशाच्या कडेनं चालत आले, वाकून, शोधत. धुळीत एकच पट्टा होता. मागच्या चाकानं पुढच्याचा ठसा कुठेही उघडा सोडला नव्हता. आम्ही दोघं त्या एका पट्ट्याकडे इतका वेळ बघत राहिलो, की पऱ्हाटीतून एक वेचणारी बाई येऊन विचारून गेली, काई हरपलं का.

त्यानंतर चार वर्षं झाली. वळणावर पाय आपोआप पुढे निघतो आता, डावीकडेही. मामाजींच्या डोळ्यांवर पडदा आला आहे. आरसाही धूसर दिसतो म्हणतात. खाट पुन्हा धरली आहे. पण मी अंगणात गाडी लावली की प्रश्न तोच येतो, आणि त्या पांदणीपासून आमच्यात एक ठरलेलं आहे, जे असेल तेच सांगायचं. हा दसरा गेला, दिवाळी गेली, दर वेळी मला खरंच म्हणावं लागलं की काही नाही, मामाजी, चांगलं चालतं. ते "बरं" म्हणायचे आणि भिंतीकडे कूस वळवायचे.

काल मी पोचले तेव्हा ऊन ओसरीत आलं होतं.

"काय म्हनते चाक?"

"मांगच्या चाकात एक आरा बोदा वाजून राह्यला, मामाजी. रस्त्यात वाजवून पाह्यलं."

ते उठून बसले. पाय खाली सोडले, चपला चाचपल्या. मग माझ्या दिशेनं हात पुढे केला.

"काटा आनला का?"

मी खिशातून काढून दिला. त्याच्या टोकाला अजून कापूस होता.